अर्ध्या वाटेवरचं मैदान

पहिल्यांदा तो दिसला तेव्हा, पोरींनो, मला वाटलं, हा माणूस पिठाच्या पोत्यात पडून आलाय. केसांत पांढरं, भुवयांवर पांढरं, विजारीचे गुडघे तर चुन्याने लडबडलेले. त्याने कॅफेचं दार ढकललं, वाऱ्याबरोबर रस्त्यावरचा कापूस आत आला आणि त्याच्या काखेतला पत्र्याचा डबा निसटून धाडकन खाली पडला. झाकण एकीकडे गेलं, आणि आतलं फिल्मचं रीळ... ते निघालं की गडगडत! खुर्च्यांखालून, टेबलांच्या पायांमधून, थेट माझ्या बुटापर्यंत. मागे काळी पट्टी दारापर्यंत पसरलेली.

मी बुटाने रीळ दाबून धरलं आणि म्हटलं, "कोच, तुमची टीम पळून चालली."

तो गुडघ्यांवर बसून पट्टी गुंडाळायला लागला. मान वर न करताच म्हणाला, "कालच्या सामन्यातही पोरांनी हेच केलं. पण तिथे असा बूट ठेवणारं कुणी नव्हतं."

मग मान वर केली. चुन्याने माखलेल्या चेहऱ्यात दोन निळे डोळे, आणि हसू असं की हसावं की नाही ते अजून ठरायचंय. मी नजर वळवली. मी कुणासाठी नजर वळवत नाही, हे आख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.

तो कोच आहे हे कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या पश्चिम टेक्ससात शनिवारी सकाळी पत्र्याचा डबा काखेत मारून फिरणारा माणूस दुसरा कोण असणार? आमच्याकडे फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरायचा आणि समोरच्याला आडवं करत पळायचं. शुक्रवारी रात्री शाळेच्या पोरांचा सामना, आणि त्या रात्री गावात चोरी झाली तरी चोरालासुद्धा आधी निकाल विचारायचा असतो. पुढच्या आठवड्यात ज्यांच्याशी गाठ आहे ते कसे खेळतात हे बघायला दोन्ही गावांचे कोच शनिवारी सकाळी अर्ध्या वाटेवर भेटायचे आणि आपापल्या सामन्याची रिळं बदलून घ्यायचे. शत्रूच्या हातात आपलं गुपित द्यायचं, त्याचं आपण घ्यायचं, आणि वर कॉफीही एकत्र प्यायची. आमचा टॅकेट कॅफे रस्त्यांच्या चौकात होता. कितीतरी गावांची अर्धी वाट आमच्याच दारात यायची.

हा होता रॉयस टिडवेल, ब्रॅकन गावच्या शाळेचा नवा कोच. आणि मी ओलिटा टॅकेट. आठवीतच शाळा सोडलेली, कारण आई गेली आणि मग बाबांचं अर्धं अंग गेलं. कॅफे माझ्या गळ्यात, धाकटी बहीण नेल्डा माझ्या गळ्यात, आणि मागच्या खोलीत पलंगावर बाबा. त्यांना बोलता येत नव्हतं, पण चमचा होता. पलंगाच्या लोखंडी दांडीवर तो ठण्ण ठण्ण वाजवायचे. पाणी हवं, उशी सरळ कर, आणि पुढे पुढे... बाहेर कुणी पुरुष जास्त वेळ हसतोय, त्यासाठीसुद्धा.

"हा चुना कसला?" मी कॉफी ओतत विचारलं.

"मैदानावरच्या रेघा. मीच मारतो. यंत्र मोडलंय."

"कोच रेघा मारतात?"

"कोच गवत कापतात, पोरांचे सदरे धुतात, घोटे बांधतात, बस चालवतात आणि सोमवारी सकाळी इतिहास शिकवतात. वेळ उरला तर फुटबॉल."

"आणि लग्न?"

विचारलं खरं, आणि माझेच कान तापले. तो कपात बघत म्हणाला, "त्याला तर वेळच उरत नाही, मिस ओलिटा."

आत चमचा वाजला. ठण्ण.

त्या हंगामात तो शनिवारमागून शनिवार येत राहिला. समोरचा कोच येईपर्यंत काउंटरच्या टोकाच्या स्टुलावर बसायचा, अंडी आणि मक्याचा पाव मागायचा आणि आठवडाभराचं रडगाणं गायचा. मला ते रडगाणं गाण्यासारखं वाटायला लागलं, आता काय सांगू!

"या आठवड्यात कोणत्या बापाने पकडलं तुम्हांला?" मी विचारायची.

"बँकेच्या साहेबाने. त्याच्या पोराला मीच पुढे खेळवत नाही म्हणे. मी म्हटलं, साहेब, तुमचं पोरगं चेंडू फार छान फेकतं, फक्त आपल्या माणसाकडे फेकत नाही."

"मग?"

"मग न्हाव्याने दुकानात बसून मला नवीन डावपेच काढून दिले. केस कापेपर्यंत ऐकावे लागले, त्याच्या हातात वस्तरा होता."

"आणि ते तुमचं धिप्पाड पोरगं? कापूस वेचायला बापाने ठेवून घेतलेलं?"

त्याने कप खाली ठेवला. मग दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी फाटलेली.

"त्याच्या ओळी मी वेचल्या," तो म्हणाला. "तेवढा वेळ पोरगं सरावाला आलं."

मी कपाटातून मलम काढलं, डबी त्याच्यापुढे सरकवली. त्याने बोट घातलं नाही. नुसता हात तसाच ठेवला, काउंटरवर, माझ्या बाजूला... मी म्हटलं, "मी काय नर्स आहे?" आणि लावून दिलं. प्रत्येक बोटाला. त्या वेळी बाहेर सरकी काढायच्या जिनवरचा धूर वाऱ्याने खाली आला होता, कापसाच्या टरफलांचा तो कडवट वास. अजून तो वास आला की माझ्या बोटांना मलमाचा चिकटपणा जाणवतो.

"ब्रॅकनला कॅफे नाही का?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"आहे ना. पण तिथली बाई शिव्या देत नाही."

"मीही देत नाही."

"तू देतेस. फक्त वर ग्रेव्ही घालून देतेस."

कधी तो 'मिस ओलिटा'वरून 'तू'वर आला ते मला कळलं नाही. मी मात्र कोचच म्हणायची, अहोजाहोच करायची. एवढंच काय ते माझं कुंपण.

आणि त्याची टीम जिंकायला लागली, पोरींनो. कापूस वेचणारी, इंग्रजीत नापास होणारी, अर्ध्यांना बूट धड नाहीत अशी ती पोरं गटात पहिली आली. ब्रॅकनमध्ये कैक वर्षांत असं घडलं नव्हतं. आता बाद फेरी. हरलं की घरी.

बाद फेरी सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी तो जाता जाता दारात थांबला.

"तू माझ्या पोरांना खेळताना एकदाही बघितलं नाहीस."

"शुक्रवारी इथे पाय ठेवायला जागा नसते. आणि बाबांना टाकून ब्रॅकनपर्यंत कोण जाणार?"

"म्हणजे तुला मी अर्धाच माहीत आहे."

"जो अर्धा माहीत आहे तोच भरपूर खातो," मी म्हटलं.

तो हसला. पण दार लावताना हसू राहिलं नव्हतं.

बाद फेरीचा सामना कुठे खेळायचा हे आमच्याकडे नाणेफेकीने ठरतं. दोन्ही कोच अर्ध्या वाटेवर भेटतात, नाणं उडवतात, जिंकणारा जागा निवडतो. जिंकणारा काय निवडणार हे विचारायचंसुद्धा नसतं. आपलं मैदान, आपलं गवत, आपल्या आया-बहिणींचा आरडाओरडा. नाणेफेक जिंकली म्हणजे अर्धा सामना जिंकला असं लोक मानतात. आणि एकदा बोललेला शब्द फिरत नाही. तिथे कागद नसतो, सहीही नसते. दोन कोचांचा शब्द, बस्स.

ब्रॅकनची गाठ टायरीशी पडली, आणि नाणेफेक ठरली आमच्या कॅफेत. त्यांचे कोच बुफर्ड ऑडम, पोट पुढे, टोपी मागे, कोचगिरीत म्हातारे झालेले. सोबत त्यांची बायको व्हर्डी, हातात विणकाम. दोघे कोच पंच कोण ठेवायचे यावर वाद घालत बसले आणि व्हर्डी काउंटरला आली.

"तूच का ती?" तिने सुया न थांबवता विचारलं.

"कोण ती?"

"जिच्या कॅफेसाठी टिडवेल वाकडी वाट करून येतो. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या कोचला त्याने इथे बोलावलं. तो म्हणाला, अरे, हे तर मधोमध नाही! टिडवेल म्हणे, माझा नकाशा जुना आहे."

मी कापड घेऊन स्वच्छ काउंटर पुसायला लागले.

"ऐक," व्हर्डी म्हणाली, आता हळू. "माझ्याकडे पडद्यांची पेटी आहे. जितक्या गावांत राहिलो तितक्या घरांचे पडदे. एका घरचा पडदा दुसऱ्या घराच्या खिडकीला कधी पुरला नाही. हरलो की काढतात, जिंकलो की मोठी शाळा बोलावते. दोन्हीकडून सामान बांधायचंच."

"मग तुम्ही का राहिलात?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो मिठाच्या बाटल्या पोरं समजून टेबलावर इकडून तिकडे सरकवत होता. "त्याला बघ ना," ती म्हणाली. "दुसरं काय येतं त्याला?"

इतक्यात ऑडमने हाक मारली, "ए पोरी, तू तिसऱ्या गावची. तूच उडव नाणं."

मी ॲप्रनला हात पुसले. नाणं वर गेलं. ऑडम ओरडला, "छापा!" टेबलावर ते फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग बशीला आपटून पडलं. काटा.

ऑडमने मोठा उसासा टाकला, टोपी सरळ केली. "चला. ब्रॅकनला भेटू."

रॉयसने नाणं उचललंच नाही. माझ्याकडे बघत होता. आत चमचा वाजत होता, बाबांना पाणी हवं होतं, आणि मी जागची हलत नव्हते.

"इथे," तो म्हणाला.

"काय इथे?"

"सामना. या गावच्या मैदानावर. शनिवारी दुपारी."

ऑडमने टोपी पुन्हा काढली. "पोरा, नाणेफेक तू जिंकलायस."

"माहीत आहे."

"अरे, गाव तुझं कातडं सोलून वेशीवर टांगेल!"

"इथे बाकं जास्त आहेत," रॉयस म्हणाला, "दोन्ही गावांना सारखं अंतर आहे."

व्हर्डीच्या सुया थांबल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मग विणकामात मान घातली.

मी त्याच्या मागे बाहेर धावले. "वेडे आहात का तुम्ही? बोलवा त्यांना परत! सांगा, जीभ घसरली!"

"शब्द दिलाय, ओलिटा."

"कशासाठी पण?"

वारा जोराचा होता, त्याने टोपी हाताने दाबून धरली होती. "मैदान तुझ्या मागच्या दारापासून हाकेवर आहे," तो म्हणाला. "दोन तास बाबांपाशी नेल्डा बसेल. एकदाच बघ मला. सगळा. मग काय ते सांग..."

मला त्याला झोडपावंसं वाटलं. आणि मला नाचावंसंही वाटलं. खोटं कशाला बोलू?

शनिवारी दुपारी उत्तरेचा वारा सुटला होता. मी बाबांचा कोट घालून कुंपणापाशी उभी राहिले. एका बाजूला टायरी, एका बाजूला ब्रॅकन, आणि मी कुणाचीच नाही अशी मधे.

काउंटरच्या टोकाला बसून मान खाली घालणारा माणूस त्या मैदानावर नव्हताच. तो ओरडत नव्हता. ऑडम ओरडून लालबुंद झाला होता. हा रेघेच्या कडेने चालायचा, आणि जिथे जायचा तिथली पोरं ताठ व्हायची. एकाच्या पाठीवर थाप, एकाच्या कानात शब्द, एकाला नुसतं बोट दाखवलं की तो समजायचा. प्रत्येकाचं कुलूप वेगळं आणि सगळ्या किल्ल्या ह्याच्या खिशात. मी त्याला बघत होते, चेंडूकडे माझं लक्षच नव्हतं.

सात–सात अशी बरोबरी झाली. बरोबरी झाली की आमच्याकडे मोजायचं, शत्रूच्या वीस यार्डांच्या रेघेच्या आत कोण जास्त वेळा घुसलं. टायरीवाले एकदा जास्त घुसले होते; तेही सारखं झालं तर पळून कापलेलं अंतर मोजायचं, आणि त्यात ब्रॅकन पुढे होतं. ब्रॅकनच्या पोरांकडे शेवटचे दोन क्षण होते. ते धिप्पाड कापूसवालं पोरगं चेंडू घेऊन निघालं, दोघांना आडवं केलं, वीसची रेघ आता हातभर पुढे... आणि चेंडू निसटला.

शिट्टी वाजली. टायरीकडून आभाळ फाटेल असा जल्लोष उठला. ते पोरगं मातीत तोंड खुपसून पडून राहिलं.

रॉयस चालत गेला. धावला नाही. त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला, शिरस्त्राण दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाला कपाळ लावून काहीतरी म्हणाला. काय म्हणाला देव जाणे. पण ते एवढं मोठं पोरगं रडता रडता हसलं. मग त्याने त्याला उठवलं, आणि दोघं चालत आले, जिंकल्यासारखे.

माझ्या शेजारी ब्रॅकनचे लोक उभे होते. "आपल्या मैदानावर असतो ना..." एक म्हणाला. "ह्याला कोच कुणी केला?" दुसरा म्हणाला. मी कोटाची कॉलर वर ओढली.

पुढचं तुम्हांला कळलंच असेल. शाळा समितीने त्याला पुढच्या वर्षी ठेवायचं नाही असं ठरवलं. नाणेफेक जिंकून मैदान सोडलं, दुसरं कारण त्यांना लागलंच नाही. मी म्हटलं, "मी येते ब्रॅकनला. उभी राहते त्या समितीपुढे. सांगते, कुणासाठी केलं."

"खबरदार," तो म्हणाला. एवढं कडक तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला. "पोरांच्या कानावर जाईल. त्यांना वाटेल, कोचने त्यांचा सामना एका बाईसाठी दिला."

"मग खरं काय?"

"मला वाटलं होतं, ते कुठेही जिंकतील." मग थांबून, "अजून वाटतं."

आणि ऐका, दैव कसं असतं ते. त्याच वसंतात आमच्याच गावच्या शाळेला मदतनीस कोच हवा होता. आमच्याच! मागच्या दारापासून हाकेवर! रॉयसने धुतलेला शर्ट घातला, केस चोपून बसवले आणि मुख्याध्यापकांना भेटायला गेला. ते पाय टेबलावर टाकून हसले म्हणे. "टिडवेल, जो स्वतःचं मैदान सोडतो त्याच्या हातात मी माझं देऊ?" ज्या एका गोष्टीने त्याने मला जवळ बोलावलं, तिनेच जवळचं एकुलतं दार बंद केलं. ह्याची हळहळ मला पुढे लग्न झाल्यावर, माझा नवरा असतानाही वाटत होती, आणि तो भला माणूस ते जाणून होता.

मे संपताना शाळा सुटली आणि तो आला. धुळीने आभाळ तांबडं झालेलं, भर दुपारी दिवे लावलेले. कॅफेत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर गाडीच्या टपावर गादी बांधलेली.

"खाली समुद्राकडे एक शाळा आहे," तो म्हणाला. "मदतनीस म्हणून घेतायत. दिवसभराचा रस्ता." मग एका दमात, "चल."

आत चमचा वाजला. तो ऐकत होता, मीही ऐकत होते.

"येता येत नाही, माहीत आहे," तो म्हणाला. "मग मी राहतो. कापसाच्या जिनवर माणूस हवाय. कोचगिरी काय... सोडली. रेघा मारायच्या नाहीत, धुणं नाही, बँकेचा साहेब नाही. सुटलो म्हण ना!"

"छान," मी म्हटलं. "आणि शुक्रवारी काय कराल?"

"शुक्रवारी तुझी भांडी घासेन."

"घासाल. पहिल्या वर्षी हसत घासाल. दुसऱ्या वर्षी खिडकीशी उभं राहून घासाल. मागच्या मैदानावर दिवे लागतील, बँड वाजेल, आणि तुम्ही माझ्याकडे वळून बघाल..." माझा आवाज हलला, मी तो दरडावून सरळ केला. "मला तसं बघितलेलं चालणार नाही, कोच."

"तुला काय माहीत मी कसा बघेन?"

"मला माहीत नव्हतं. टोकाच्या स्टुलावरचा माणूस मी आनंदाने ठेवून घेतला असता. जन्मभर! पण तुम्ही मला दुसरा दाखवलात. मातीत गुडघे टेकून बसलेला. त्याला मी जिनवर कसा पाठवू?"

त्याने खिडकीकडे पाहिलं. धूळ काचेवर सळसळत होती.

"म्हणजे मी तुला दाखवायलाच नको होतं," तो म्हणाला.

"नको होतं."

"ओलिटा... कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"तुला माहीत आहे काय."

"रीळ बुटाखाली आलं तेव्हापासून," मी म्हटलं. "पण तेव्हा तुम्ही पिठात घोळल्यासारखे होता, म्हणून खात्री नव्हती."

तो हसला. त्याचे डोळे भरले होते आणि तो हसला. मग खुंटीवरची टोपी घ्यायला वळला.

"जेवून जा," मी म्हटलं. "दिवसभराचा रस्ता आहे."

मी स्टेक तळला, बटाटे कुस्करले, ग्रेव्ही केली. या वेळी त्याला काउंटरवर वाढलं नाही. खिडकीतल्या टेबलावर दोन ताटं मांडली. गिऱ्हाइकासमोर बसून मी कधी जेवले नव्हते, नंतरही कधी जेवले नाही. त्या दिवशी बसले. त्याने माझ्यासाठी खुर्ची ओढली. मी त्याला मीठ दिलं. "आणखी घे, रॉयस," म्हटलं, आणि त्याने घेतलं. बटाटे खारट झालेत असं तो म्हणाला, आणि मी म्हटलं, मग स्वतः करत जा. मी त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली. बाबांचा चमचा वाजला, तेव्हा मी उठायच्या आत तोच उठला, आत जाऊन त्यांना पाणी पाजून आला आणि पुन्हा समोर बसला.

आम्ही दोघंही अगदी सावकाश जेवलो. ताटं रिकामी झाल्यावरही बसून राहिलो. आमचा संसार तेवढाच झाला.